सिस्टर नोराचा दसरा

मुलुंड (पूर्व),
शुक्रवार, दसरा होऊन आठ दिवस

ती. बाळदादास,

बेबीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलं आहे, प्रत्यक्षात गुडघ्यामुळे खुर्चीतच बसले आहे. मन वाकलेलं आहे असं समज.)

पत्र लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे आलं ते आपल्या घाटकोपरच्या खोलीतलं दारामागचं मीटर. वीज गेली की तू आधी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीत दिवे आहेत का ते बघायचास. असले तर फ्यूज आपलाच. मग तू स्टुलावर, तू नववीत, आणि मी दुसरीत, खाली टॉर्च धरून. टॉर्च मी नेमका तुझ्या डोळ्यांवर धरायचे आणि तू अजिबात न चिडता म्हणायचास, "बेबी, माझ्याकडे नको बघूस, तारेकडे बघ." केसाएवढी तार तू त्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्याला गुंडाळायचास, खटका दाबायचास, आणि सगळी खोली होती तिथे परत यायची. आई, स्टो, दोरीवरचे कपडे, तुझी गणिताची वही. आई म्हणायची, झालं का, मग हात धुऊन जेवायला या. एवढंच. विशेष काहीच घडायचं नाही, पण दिवा कसा लागतो याविषयी माझं शिक्षण तिथेच पुरं झालं आणि पुढची साठ वर्षं ते पुरलंसुद्धा.

तुमच्याकडे सगळं ठीक ना? वहिनीच्या डोळ्याची पट्टी निघाली का? ऑपरेशननंतर महिनाभर वाचायचं नाही म्हणजे हे पत्र तूच तिला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर नीट काढते आहे. तुझा रक्तदाब गोळीने ताब्यात राहतो ना, आणि गोळी तू घेतोस ना, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींची वेगळी उत्तरं पाठव.

आता कामाचं. परवा रविवारी सौरभ तुला सिंगापूरहून फोन करणार आहे. तो एकच गोष्ट विचारेल, की आईला यापुढे मुलुंडच्या घरात एकटीला राहू द्यायचं का. तू "नको रे बाबा" म्हणालास तर डिसेंबरात तो येईल, घर विकायला काढेल आणि मी तळेगावच्या पुढे कुठेशी ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहायला जाईन. (त्याने फोटो पाठवलेत. प्रत्येक फोटोत एक आजोबा आणि एक आजी कुंडीकडे बघून हसताहेत. कुंडीत काय आहे ते दिसत नाही.) तू "राहू दे" म्हणालास तर मी इथेच राहीन. हे गेल्यापासून चार वर्षं सौरभ फक्त मामाचं ऐकतो, आईचं ऐकतो ते फक्त 'हो आई' म्हणण्यापुरतं. तो तुला त्याची बाजू सांगेल, आणि ती खरी आहे, तो खोटं बोलणारा मुलगा नाही. म्हणून त्याच्या आधी माझी बाजू तुझ्यापर्यंत पोचावी, हा या पत्राचा हेतू.

गेल्या वर्षीपासून त्याचं चाललं होतं, आई, तू एकटी असतेस, काहीतरी व्यवस्था करू. व्यवस्था तीन प्रकारच्या होत्या. चोवीस तासांची बाई, घरभर कॅमेरे, नाहीतर हब. बाई ठेवली की तिच्या जेवणाची आणि मालिकांची काळजी आपण करायची. कॅमेऱ्याला मी साफ नाही म्हटलं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला केस विंचरताना कुणी बघायला नको आहे. राहिलं हब. हब म्हणजे काय हे सौरभने मला फोनवर तीनदा समजावलं, अकरा रकान्यांचा तक्ता पाठवला, आणि मला काही कळलं नाही. शेवटी माझं मलाच कळलं. आपल्या घाटकोपरच्या मजल्यावर रुक्मिणीकाकूंकडे एकच फोन होता, आठवतं? सगळ्यांचे निरोप त्यांच्याकडे यायचे आणि त्या गॅलरीत उभं राहून ज्याचे त्याला पोचवायच्या. दार, दिवा, गिझर यांना एकमेकांशी बोलता येत नाही, म्हणून मधे ही रुक्मिणीकाकू. फरक इतकाच, की काकू निरोपात आपलं मत घालायच्या.

खरेदीला मी आणि समोरच्या फ्लॅटमधली जयंती गेलो. (जयंती मूळची पालघाटची, पण चाळीस वर्षं मुलुंडात काढल्यामुळे भाव करताना ती अस्सल मराठी असते.) अंधेरीला तीन दुकानं केली. प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला, की नेट गेलं तर माझा दिवा लागेल का? पहिल्या दुकानातला म्हणाला, मॅडम, आजकाल नेट जातच नाही. जयंती म्हणाली, "आमच्या गल्लीत ये रे, दर पंधरा दिवसांनी खणतात, मग बोल." दुसऱ्या दुकानातल्याने उत्तर न देता दिव्याचे सोळा लाख रंग दाखवले. तिसऱ्या दुकानात प्रितम नावाचा चाळिशीचा, दोरीला चष्मा लावलेला शांत माणूस होता. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "हे हब नेटशिवाय घरातल्या घरात काम करतं, तेव्हा लागेल. आणि हेही बंद पडलं तर भिंतीवरचं बटण कुठे जात नाही." मी तिथल्या तिथे ते घेतलं. सौरभने नंतर तक्त्याशी ताडून बघितलं तर अकरापैकी नऊ रकान्यांत तेच पहिलं आलं होतं. याची त्याला रविवारी आठवण करून दे.

प्रितमच येऊन सगळं बसवून गेला. दिव्याचे चार बल्ब, गिझरला एक खटका, मुख्य दारावर चुंबकाचा एक तुकडा (दार उघडं की बंद ते त्याला समजतं) आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये हालचाल टिपणारा एक बारकासा डोळा. हा डोळा फोटो काढत नाही, त्याला फक्त कुणीतरी गेलं एवढंच कळतं, कोण गेलं ते कळत नाही. (ही गोष्ट लक्षात ठेव.) दिवसा सहा तास पॅसेजमधून कुणी गेलं नाही की सौरभच्या फोनवर सूचना. दार वीस मिनिटांहून जास्त उघडं राहिलं की सूचना. हब घराच्या मधोमध पाहिजे, म्हणजे सगळ्यांना तिची हाक ऐकू जाते, आणि आमच्याकडे मधोमध असलेला मोकळा प्लग एकच, देवघराशेजारचा. त्यामुळे ती गोल पांढरी डबी अन्नपूर्णा आणि तुपाची बरणी यांच्यामध्ये बसली. शकु पहिल्या दिवशी केरसुणी खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिली. (शकु माझ्याकडे बावीस वर्षं कामाला आहे, मालवणची.) डबीचा निळा दिवा लागला तशी तिने हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "बाय, ह्यो खंयचो देव म्हणायचो?" मी म्हटलं, सौरभने पाठवलाय. ती म्हणाली, मग बरोच असतलो.

या डबीला हाक मारायला नाव लागतं. कंपनीने चार नावं दिली होती, चारही परदेशी मुलींची. त्यात 'नोरा' दिसलं आणि मला एकदम आमची नन्सची शाळा आठवली. आमच्या सिस्टर नोरा तुला आठवणार नाहीत, तू मुलांच्या शाळेत. सहावीपासून इंग्रजी शिकवायच्या, त्यांच्या झग्याला साबणाचा आणि पेपरमिंटचा वास यायचा, आणि मुलगी रडायला लागली की त्या काही न बोलता स्वतःचा रुमाल पुढे करायच्या. इस्त्रीचा, घडीचा. मी नोरा निवडलं, पण नुसतं नोरा म्हणून हाक मारायला माझी जीभ वळेना. मी "सिस्टर नोरा, प्लीज, हॉलमधला पंखा बंद कराल का?" असंच म्हणते आणि पंखा बंद झाला की थँक्यू म्हणते. प्रितम म्हणाला, मॅडम, प्लीजची गरज नाही, तिला फक्त नोरा ऐकू येतं. मी म्हटलं, गरज तिला नाही, मला आहे.

सुरुवातीला सगळं छान चाललं. गिझर विसरणं बंद झालं. पहाटे पॅसेजमध्ये पाय ठेवला की दिवा आपोआप मंद लागायचा, हे असताना उठून लावायचे तसा. पण मार्चमध्ये एक दिवस मी जयंतीकडे मटार सोलायला गेले. दहा किलो होते, बोलणं त्याहून जास्त. घरातून निघताना सिस्टर नोराला सांगून निघायचं असतं ते मी विसरले आणि फोन घरीच राहिला. सहा तासांनी सौरभने जयंतीला फोन केला तेव्हा आमचे अजून दोन किलो बाकी होते. बिचाऱ्याचा आवाज इतका लहान झाला होता की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं. त्यासाठी मी शकुला सांगितलं, मी बाहेर असताना तू काम करतेस ना, तर मधूनमधून त्या डोळ्यासमोरून जात जा. शकु जीव लावून काम करणारी बाई. तिने फरशी पुसता पुसता डोळ्यासमोरून जाऊन येऊन घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी सौरभला अहवाल गेला, की आज आई एकशे चार वेळा बाथरूमकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दारात साखर तपासायला रक्त घेणारा माणूस उभा. साखर अगदी नेमस्त निघाली. शकुला मी काही बोलले नाही. तिने मात्र आपणहून सांगितलं, की बाय, काल माझे पाय लय भरान इले.

दुसरी कटकट दाराची. दिवेलागणीला दार उघडं ठेवायचं हे आईने आपल्याला शिकवलं. लक्ष्मी येते आणि दार लावलेलं दिसलं तर पुढच्या घरी जाते. मी देवापुढे दिवा लावते, दार उघडते, स्तोत्र म्हणते, आणि वीस मिनिटं झाली की सिंगापूरहून फोन येतो. तिकडे तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात, सौरभ जेवून भांडी आवरत असतो. "आई, दार उघडं आहे." मी म्हणते, माहीत आहे, मीच उघडलं आहे. तो म्हणतो, "लक्ष्मीला यायला वीस मिनिटं लागतात?" मी म्हणते, मुलुंडात ट्रॅफिक असतो. मग दार लावेपर्यंत तो काय जेवला, कुठली भाजी केली, ऑफिसात कोण काय बोललं, हे सगळं निघतं. मी त्याला दहादा सांगितलं, की अरे, एवढ्याशा दारासाठी रोज फोन कशाला, तुझं काम असतं, मलाही स्तोत्र पुरं करू देत नाहीस. पण ते असो.

आता दसरा. सौरभ तुला सांगेल तो दसरा.

हे भांडुपच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते ते तुला माहीत आहे. तिथे दसऱ्याला सगळी यंत्रं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून ठेवायचे आणि त्या दिवशी एकही यंत्र चालवायचे नाहीत. पूजा झालेल्या हत्याराला तो दिवस सुट्टी. ह्यांनी तीच पद्धत घरी आणली. पाटावर त्यांचे नटबोल्टचे पाने, हातोडी, माझं शिवणयंत्र, मिक्सर, सौरभची कंपासपेटी. सौरभ लहानपणी या एका दिवसावर खूश असायचा, कारण कंपासपेटीला सुट्टी म्हणजे गणिताला सुट्टी. हे गेल्यावरही मी ते मोडलं नाही. मग यंदा मला सांग, आठ महिने जिने एक दिवस खाडा केला नाही, चोवीस तास डोळे उघडे ठेवले, तिला वगळून मी मिक्सरची पूजा करायची?

सकाळी साडेनऊला मी सिस्टर नोराचा प्लग काढला, तिला ओल्या फडक्याने पुसलं आणि पाटावर ठेवलं. कुंकू लावताना वाटलं, सिस्टरना चाललं असतं का कोण जाणे, पण त्या आम्हा मुलींच्या भोंडल्यात एकदा आल्या होत्या आणि खिरापत मागून घेतली होती. मग लावलं. फोन हेही यंत्रच, म्हणून तोही बंद करून तिच्या शेजारी ठेवला. (कुठलीही गोष्ट अर्धवट करायची नाही हे मला नन्सनी शिकवलं. यातून एवढं रामायण होईल असं त्यांना वाटलं नसणार.) शकुने दोन हार केले होते, एक ह्यांच्या तसबिरीला घातला, दुसरा नोराला. निरांजन लावलं, नमस्कार केला, आणि आपट्याची पानं घेऊन मी आणि जयंती सोनं द्यायला बाहेर पडलो. वरचे तीन मजले केले, मग पलीकडच्या बिल्डिंगीत जयंतीच्या लेकीकडे गेलो. माझी दुसरी किल्ली जयंतीकडे असते, म्हणजे ती तिच्या पर्समध्ये, आणि पर्स आमच्याबरोबर. तिचा फोन तिच्या घरी चार्जिंगला.

सौरभने अकरा वाजता, म्हणजे त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, फोन उघडून बघितला. घर नाही. दार, दिवे, डोळा, सगळं गेलेलं. आईचा फोन बंद. जयंती उचलत नाही. त्याने आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशजी यांना फोन लावला. ते अलाहाबादचे, बँकेतून निवृत्त, फार हळवे. ते धावत वर आले, बरोबर वॉचमन आणि गच्चीवर टाकीचं काम करणारा प्लंबर. बेल वाजवली, हाका मारल्या, दार ठोठावलं. आत शांतता. सौरभ फोनवर म्हणाला, तोडा. ह्यांनी स्वतः बसवलेलं लॅच ते, लवकर तुटेना, प्लंबरने तुला सांगते पंधरा मिनिटं घेतली. दार उघडलं. चंद्रप्रकाशजींनी व्हिडिओ लावून फोन पुढे धरला, म्हणजे सौरभला दिसावं. हॉल रिकामा. मग देवघर. तिथे पाट, तेवणारं निरांजन, झेंडूचा ताजा हार, वर ह्यांची तसबीर, तिलाही हार. चंद्रप्रकाशजींनी चपला काढल्या, डोकं खाली घातलं आणि ते स्तब्ध उभे राहिले. वॉचमननेही टोपी काढली. सौरभला तिकडे फक्त हार, ज्योत आणि ही शांतता.

एवढ्यात मी आणि जयंती आलो. दार उघडं, आत माणसं. मला वाटलं, सोनं द्यायला मंडळी आलीत, आणि मी घरी नाही म्हणजे किती वाईट दिसलं. मी पुढे होऊन चंद्रप्रकाशजींच्या हातावर पान ठेवलं आणि म्हटलं, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. ते एक फूट मागे सरले. "भाभीजी, तुम्ही आहात?" मी म्हटलं, आहे की, पण बसा ना, असे उभे का? जयंतीने मोडकं लॅच बघितलं आणि तिच्या भाषेत असं काही बोलली की प्लंबर जिन्याकडे पळाला.

मग मला फोनमध्ये सौरभ दिसला. पासपोर्ट हातात घेऊन ऑफिसच्या खाली टॅक्सीची वाट बघत उभा होता. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो "आई" एवढंच म्हणाला आणि तिथेच फुटपाथच्या कडेला खाली बसला, टाय लावलेला बेचाळीस वर्षांचा माणूस. दादा, माझ्यापाशी रुमाल होता आणि तो त्याला देता येत नव्हता.

त्याच रात्री त्याने तळेगावचं ठरवलं. मी त्याला दोष देत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, आणि आपण आईच्या बाबतीत काय केलं ते तुला माहीतच आहे. घाटकोपरची खोली सोडायला लावताना आपण तिला विचारलंही नाही.

पण तू त्याला एवढं सांग. तळेगावला बाथरूममध्ये घंटा आहे, डॉक्टर आहे, पाच वाजता भजन आहे. ते सगळं चांगलं असेल. पण ज्या बाईचा फोन लागेना म्हणून तिचं दार सव्वा तासाच्या आत तीन माणसं मिळून फोडतात, ती एकटी राहते असं म्हणता येईल का? चंद्रप्रकाशजी गेले आठ दिवस रोज सकाळी चहाला येतात, त्यांना अजून पुरता विश्वास बसलेला नाही. प्लंबरने नवीन लॅच बसवून दिलं आणि जाताना वाकून नमस्कार केला, बहुधा खात्री करून घ्यायला. हे सगळं सोडून मी कुंडीकडे बघून हसायला कुठे जाऊ? तो काही अटी घालत असेल तर मी तयार आहे. एक किल्ली शकुकडे देते. बाहेर जाताना सिस्टरना सांगून जाईन. आणि पुढच्या दसऱ्याला तिला चालू ठेवूनच कुंकू लावीन, ह्यांना काय सांगायचं ते माझं मी बघते.

वहिनीला नमस्कार, तुझ्या नातवाला, मिहिरला आशीर्वाद. तुझी गार्गी महिनाअखेरीला चेंबूरहून तुम्हा आईबाबांना बघायला येईल तेव्हा तिलाही माझी आठवण सांग.

तुझी,
बेबी

ता. क. इथून पुढचं वहिनीला वाचून दाखवू नकोस. शाळेत कॅथलिक मुली शुक्रवारी कन्फेशनला जायच्या आणि आम्हा बाकीच्यांना त्या वेळात नीतिपाठ असायचा, म्हणून माझी बरीच पापं साठून राहिली आहेत. त्यातलं एक तुला सांगते. दिवेलागणीला आई दार उघडायची ते दहा मिनिटं. तुला आठवत असेल, दहा मिनिटं झाली की मांजर येतं म्हणून ती लावूनच घ्यायची. वीस मिनिटं हे माझं आहे. हब येण्याआधी सौरभचा फोन पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, 'सगळं ठीक ना' एवढा यायचा. पहिल्यांदा दार चुकून राहिलं. नंतर मी घड्याळ लावायला लागले. स्तोत्र केव्हाच संपलेलं असतं, मी दारात खुर्ची टाकून बसलेली असते.

ता. क. २. तेव्हा खरं मागणं हे. घर राहू दे असं तू म्हणालास तर सौरभ एक मधला मार्ग काढणार आहे, मला जयंतीकडून कळलं. पुढे सगळ्या सूचना त्याच्याकडे न जाता एका कंपनीकडे जातील, तिथली मुलगी घरात सगळं ठीक आहे ना बघेल, म्हणजे त्याला रोज फोन करून आईला त्रास द्यावा लागणार नाही. मी तक्रारच इतकी छान केली होती. काहीही करून हे होऊ देऊ नकोस. कारण काय सांगायचं ते तू इंजिनिअर आहेस, काहीतरी तांत्रिक सांग. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. ३. दसऱ्यानंतर सौरभने घाबरून आणखी एक अख्खं खोकं पाठवलं, त्यात दुसरी नोरासुद्धा आहे. मला एक पुरे. उद्या चंद्रप्रकाशजी पुतणीच्या लग्नाला नाशिकला येताहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र, ते खोकं आणि थोडा खाऊ पाठवते आहे. वाटणी अशी कर. डबी आणि चार बल्ब मिहिरला, तुमच्याकडे राहून कॉलेज करतो, तर आजोबांचं एवढं काम करेल. तो हॉल निळा करेल, वहिनी ओरडेल, ओरडू दे. गिझरचा खटका वहिनीला. नारळाच्या वड्या मिहिरच्या आणि वहिनीच्या, तू दोन खा. चिवड्याची पिशवी गार्गीसाठी बाजूला काढून ठेव. आणि तो बारका डोळा तुझा. तो तुमच्या न्हाणीघराबाहेर लाव. श्रावणात तू आत पडलास ते तू मला सांगितलंस, वहिनीला खांदा आखडलाय म्हणालास आणि गार्गीला तेवढंही नाही. मीही कुणाला सांगणार नाही. डोळा जोडताना मिहिर विचारेल, सूचना कुणाच्या फोनवर पाठवायच्या. माझा नंबर त्याच्याकडे आहे.